जिंकला तर आपला, हरला तर परका

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण कमेंट टाकायच्या आधी शेवटपर्यंत वाचा, एवढीच विनंती. काही जणांना राग येणार आहे. त्यात माझ्या घरचेही आहेत.

गेल्या रविवारी आमच्या पेठेत वर्ल्डकपच्या झेंड्यांची बैठक झाली. ११ जूनला मेक्सिकोत स्पर्धा सुरू होतेय. यंदा ४८ संघ आणि १०४ सामने. आपल्याकडे बरेचसे सामने मध्यरात्रीपासून सकाळपर्यंत दिसणार, म्हणजे महिनाभर पेठ काही झोपत नाही. चौकाच्या एका अंगाला ब्राझील आणि दुसऱ्या अंगाला अर्जेंटिना, हे आमच्याकडं वर्षानुवर्षं ठरलेलं. घरटी पाचशे रुपये वर्गणी. मीही दिली. मी ब्राझीलवाला आहे, १९९४ ला बेबेतोनं गोल मारून पाळणा हलवला तेव्हापासूनचा.

बैठक रंगात आली तेवढ्यात एक ज्येष्ठ उठले. म्हणाले, "परक्या देशाचा झेंडा आपल्या चौकात कशाला? लावायचा तर तिरंगा लावा. इथलं खायचं आणि तिथलं गायचं व्हय रे?" पोरं खवळली. मग कुणीतरी तोडगा काढला, की मधोमध पन्नास फुटी तिरंगा लावायचा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत पेठेचं नाव छापायचं. मी म्हटलं, बाबांनो, तिरंग्यावर एक अक्षरही लिहिता येत नाही, ध्वजसंहितेत स्पष्ट मनाई आहे. तर "आला बघा वकील" म्हणून मलाच खाली बसवलं.

दोन तास भांडण चाललं. कोणता झेंडा, किती फुटी, कुणाचा वर आणि कुणाचा खाली. या दोन तासांत एका माणसाचं नाव कुणी काढलं नाही. मीही काढलं नाही. म्हणून ही पोस्ट.

आधी त्या ज्येष्ठांचं बोलू, कारण त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही.

परक्या देशाचा झेंडा लावला की देशभक्ती कमी होते, असं मला वाटत नाही. आपल्या पोरानं ब्राझीलचा झेंडा लावला म्हणजे तो ब्राझीलचं सरकार, सैन्य किंवा इतिहास डोक्यावर घेत नाही. तो एक खेळ डोक्यावर घेतो. २०२२ ला केरळात काय झालं आठवा. कण्णूर जिल्ह्यात एकानं पोर्तुगालचा झेंडा भलत्याच राजकीय पक्षाचा समजून फाडला. रोनाल्डोच्या चाहत्यांनी लावलेला झेंडा होता तो! त्याच दिवसांत तिथल्या एका मुस्लिम धार्मिक संघटनेच्या पदाधिकाऱ्यानं पत्रक काढलं, की पोर्तुगीज हे आपल्यावर आलेले पहिले आक्रमक, त्यांचा झेंडा मिरवू नका. म्हणजे एकाला त्या कापडात शत्रूचा पक्ष दिसला, दुसऱ्याला पाचशे वर्षांपूर्वीचं जहाज दिसलं. पोरांना मात्र फक्त सात नंबरची जर्सी दिसत होती. या तिघांत शहाणं कोण, ते तुम्हीच ठरवा.

गोव्यातही असंच झालं. डिसेंबर २०२१ मध्ये कळंगुटला रोनाल्डोचा पुतळा बसवला. गोवामुक्तीचं साठावं वर्ष चाललेलं, त्यात पोर्तुगीज खेळाडूचा पुतळा, म्हणून काहींनी काळे झेंडे दाखवले. त्यात रोनाल्डोला विरोध करण्याजोगं काय होतं, मला कळत नाही. पण ज्या गोव्यानं ब्रह्मानंद संखवाळकर आणि ब्रुनो कुतिन्हो दिले, तिथं पुतळ्याचा पहिला मान त्यांचा का नाही, हा प्रश्न मला पटतो.

म्हणून ज्येष्ठांना माझं उत्तर असं, की परका झेंडा नको म्हणू नका. तिरंगा कुठं कमी पडतोय ते विचारा. २०१८ चा जून आठवतो? मुंबईत अंधेरीला भारतानं चायनीज तैपेईला ५-० हरवलं आणि बघायला माणसं होती अडीच हजारांच्या आसपास. सुनील छेत्रीला व्हिडिओ करून हात जोडावे लागले, की बाबांनो, आमच्यावर टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात या. पुढच्या सामन्याला मैदान भरलं. त्यानंतर? २०२७ च्या आशियाई चषकाला आपण पात्र ठरलो नाही, बांगलादेशाकडून ढाक्यात हरलो, आणि आमच्या चौकात त्याची साधी चर्चाही झाली नाही. तिरंग्यावर प्रेम करायचं तर तो खेळतो तेव्हा जाऊन बसावं लागतं. दुसऱ्याचा झेंडा उतरवून ते प्रेम सिद्ध होत नाही.

असो. ज्येष्ठांचं झालं. आता माझ्या बाजूच्या लोकांशी बोलतो, म्हणजे झेंडेवाल्यांशी. यात मी स्वतः आलो.

आपल्याकडं गेली काही वर्षं स्थानिक संघांतून आफ्रिकेतले खेळाडू खेळतात, हे तुम्हाला सांगायला नको. यंदा आमच्या संघाकडून घानाचा एक पोरगा खेळला. नाव लिहीत नाही, नऊ नंबर म्हणतो. वय तेवीस. माझ्या दुकानाच्या वरच्या खोलीत राहायचा, भाडं संघ भरायचा. सकाळी रंकाळ्याला पळून यायचा आणि येताना दुकानाच्या पायरीवर टेकायचा. मिसळ खाताना घाम पुसायचा, पण कट मागून घ्यायचा. माझा पुतण्या बारावीला आहे, त्याच्याशी त्याची गट्टी. पुतण्यानंच त्याला 'चल की', 'नाद खुळा' आणि 'काका' हे शब्द शिकवले. मला तो काका म्हणायचा तो पुतण्यामुळंच.

उपांत्य सामन्यात त्यानं दोन गोल मारले. त्या दिवशी हलगी लावून त्याला खांद्यावर घेतलं, गळ्यात पेठेचा झेंडा घातला, गुलाल उधळला. "आपला नऊ नंबर, जगात भारी." बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. त्याच्या कपाळाला टिळा लावताना काढलेला फोटो माझ्या फोनमध्ये अजून आहे.

अंतिम सामना १-१, टायब्रेकर. त्याची किक आडव्या खांबाला लागली आणि आम्ही हरलो.

पुढचं लिहायला जड जातंय. पहिला आवाज आला तो समोरच्या गॅलरीतून नाही, आमच्या गॅलरीतून आला. आधी शिट्ट्या, मग 'काळ्या', मग 'जा तुझ्या जंगलात', आणि मग माकडासारखे आवाज. दोन-चार नव्हेत, रांगाच्या रांगा. तो खाली मान घालून आमच्या समोरून गेला. आठ दिवसांपूर्वी ज्या गॅलरीनं त्याला खांद्यावर घेतलं, तिच्यासमोरून.

रात्री पेठेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक चित्र आलं. माकड, हातात केळं, अंगात नऊ नंबरची जर्सी. खाली हसण्याच्या इमोजींची रांग. पाठवणारा होता माझा पुतण्या.

मी ते बघितलं आणि फोन पालथा ठेवून झोपलो. काही लिहिलं नाही, काही बोललो नाही. ग्रुपवर आम्ही दोनशेच्यावर माणसं आहोत. शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, दोन माजी खेळाडू आहेत. एकानंही लिहिलं नाही.

दोन दिवसांनी तो बॅग घेऊन खाली आला. रात्रीच्या गाडीनं पुण्याला निघाला होता. त्याच्या मोडक्या हिंदीत त्यानं विचारलं, "काका, तो फोटो तुमच्या घरातून आला ना?" कुणीतरी त्याला पाठवला होता. मी म्हटलं, पोरगं आहे, त्याला समजत नाही. तो म्हणाला, "काका म्हणायला त्यानंच शिकवलं." आणि गेला.

तर झेंडेवाल्यांनो, आता सांगा. झेंड्याचा रंग कोणता असावा यावर दोन तास भांडलो आपण. गळ्यात झेंडा घातलेल्या माणसाचं काय केलं?

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. म्हणूनच ते ओळखायला शिकलं पाहिजे. ज्यांचे झेंडे आपण चौकात लावणार आहोत, त्या देशांतही हाच रोग आहे.

इंग्लंड घ्या. ११ जुलै २०२१, वेम्बली, युरो स्पर्धेचा अंतिम सामना इटलीशी. सगळीकडं सेंट जॉर्जचा लाल क्रॉस, घरांवर, गाड्यांवर, गालांवर. टायब्रेकरमध्ये रॅशफर्ड, सांचो आणि साका यांच्या किका हुकल्या. तिघेही कृष्णवर्णीय. साका तर एकोणीस वर्षांचा होता. सामना संपून काही मिनिटं झाली नाहीत तोवर त्यांच्या खात्यांवर माकडं आणि केळी पडायला लागली. दुपारपर्यंत तो झेंडा त्या तिघांचाही होता, रात्री तो त्यांच्या अंगावरून ओढून काढला. मँचेस्टरमध्ये रॅशफर्डचं मोठं भित्तिचित्र आहे, त्यावर कुणीतरी घाण लिहिलं. दुसऱ्या दिवशी तिथलेच लोक आले आणि चिठ्ठ्या, बदाम, झेंडे चिकटवून त्यांनी ती घाण झाकून टाकली. इंग्लंडचा झेंडा दोन्हीकडं होता. घाण करणाऱ्यांच्याही हातात आणि झाकणाऱ्यांच्याही.

जर्मनी घ्या. मेसुत ओझिल गेल्सनकिर्शनमध्ये जन्मलेला, २०१४ चा विश्वविजेता. २०१८ ला जर्मनी पहिल्याच फेरीत बाहेर गेली. त्याआधी त्यानं तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान यांच्याबरोबर फोटो काढला होता. त्या फोटोवर टीका करायला माझी काही हरकत नाही, मलाही तो आवडला नव्हता. पण अकरा जणांच्या पराभवाचं खापर एका तुर्की आडनावावर फुटलं. निवृत्त होताना त्यानं जे लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की जिंकलो की मी जर्मन आणि हरलो की मी बाहेरून आलेला.

आता माझा ब्राझील. १९५० चा वर्ल्डकप, माराकाना मैदान, उरुग्वेकडून १-२ असा पराभव. गोलकीपर होता बार्बोसा, कृष्णवर्णीय. दुसरा गोल त्याच्या जवळच्या खांबाकडून आत गेला आणि त्या एका गोलाची शिक्षा त्याला मरेपर्यंत, म्हणजे २००० सालापर्यंत भोगावी लागली. ब्राझीलमध्ये सर्वांत मोठी शिक्षा तीस वर्षांची, मी पन्नास वर्षं भोगली, असं तो म्हणायचा. त्या पराभवानंतरच ब्राझीलनं पांढरी जर्सी टाकली आणि पिवळी घेतली, हीच आपण घालतो ती. जर्सी बदलली, पण बार्बोसाला कुणी माफ केलं नाही.

अर्जेंटिनावाल्यांनो, हसू नका, तुमचंही येतंय. जुलै २०२४ मध्ये कोपा अमेरिका जिंकल्यावर बसमध्ये तुमचे खेळाडू गाणं म्हणत होते. एन्झो फर्नांडिसनं ते थेट प्रक्षेपित केलं. फ्रान्सच्या खेळाडूंचे आईबाप आफ्रिकेतले, त्यांचा फक्त पासपोर्ट फ्रेंच, असा त्या गाण्याचा सूर. एन्झोला माफी मागावी लागली. पण मेस्सीनंही कर्णधार म्हणून माफी मागावी असं सुचवणाऱ्या तिथल्या क्रीडा उपसचिवाला सरकारनं पदावरून काढलं! म्हणजे गाणं म्हटलं तर चालतं, 'चुकलं' म्हटलं की पद जातं. ओळखीचं वाटतंय का?

आणि हे सगळं पुतण्याला का सांगावंसं वाटलं, ते ऐका. त्याच्या खोलीत भिंतीवर विनिशियसचं पोस्टर आहे. कपाटाएवढं. नऊ नंबरचं माकड त्यानं त्याच भिंतीला टेकून बनवलं.

मी त्याला समोर बसवला आणि २१ मे २०२३ चा व्हिडिओ दाखवला. व्हॅलेन्सियाचं मेस्तया मैदान. हजारो माणसं आणि त्यांत विनिशियसला माकड म्हणणारे. तो बोट दाखवतोय, डोळ्यांत पाणी आहे, सामना थांबलाय. दुसऱ्या दिवशी रिओ द जनेरोतल्या ख्रिस्ताच्या पुतळ्याचे दिवे त्याच्यासाठी तासभर बंद ठेवले होते. पुढं जून २०२४ मध्ये त्यातल्या तिघांना आठ महिन्यांची शिक्षा झाली आणि मैदानात यायला दोन वर्षं बंदी. पुतण्या आधी म्हणाला, "काका, मी गंमत केली." मी म्हटलं, त्या तिघांनीही गंमतच केली असेल. तू त्या गॅलरीत होतास आणि पोस्टर विनिशियसचं लावलंस. गप्प बसला. अजून गप्प आहे.

आता तुमचे आक्षेप. मला माहितीयत, म्हणून आधीच घेतो.

पहिला : "शिव्या हा खेळाचाच भाग आहे, पेठापेठांत चालायचंच." चालतं, मान्य. मी स्वतः समोरच्या पेठेला काय काय बोललोय ते इथं लिहिण्याजोगं नाही. पण त्यातला फरक समजून घ्या. मी समोरच्याला जी शिवी देतो, तीच तो मला परत देऊ शकतो. दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर आम्ही शेजारी उभे असतो. कातडीवरून, जातीवरून, देशावरून दिलेली शिवी परत देता येत नाही. नऊ नंबर आम्हाला काय म्हणणार होता? ती शिवी ऐकून तो खोलीवर एकटा गेला. तिथं त्याच्या भाषेत बोलणारं माणूस नव्हतं. आणि हे सगळं त्याला विरोधकांनी नाही, आपल्या माणसांनी दिलं.

दुसरा : "एवढं काय मनावर घ्यायचं?" बरं. जानेवारी २०२१, सिडनी कसोटी. सिराज आणि बुमरा यांना प्रेक्षकांतून वर्णद्वेषी शिव्या आल्या. सिराजनं तक्रार केली, खेळ थांबला, काही प्रेक्षकांना बाहेर काढलं. तेव्हा आपल्या याच ग्रुपवर काय आग लागली होती! 'गोऱ्यांची मस्ती', 'दौरा सोडून या', सगळं लिहिलं होतं आपण. मीही लिहिलं होतं. सिराजला बोललं की ती वर्णद्वेषाची शिवी आणि नऊ नंबरला बोललं की ती गंमत, हे कुठल्या तराजूत बसतं? आपल्याच पेठेतली पोरं आज जर्मनीत, इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियात आहेत. उद्या त्यांच्यातल्या एकाची चूक झाली आणि तिथल्या पोरांनी असं चित्र काढलं, तर 'गंमत केली' हे उत्तर आपल्याला चालेल?

तिसरा : "आमची देशभक्ती क्रिकेट-हॉकीत दिसते, फुटबॉलमध्ये थोडी मस्ती चालते." मग हॉकीतलं सांगतो. जुलै २०२१, टोकियो ऑलिम्पिक. वंदना कटारियानं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिम्पिकमध्ये अशी हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. पुढं उपांत्य फेरीत आपण हरलो, तेही अर्जेंटिनाकडून. त्या रात्री हरिद्वारजवळ तिच्या घरासमोर फटाके फुटले आणि जातीवरून शिवीगाळ झाली. संघात तुमची जात आली म्हणून हरलो, असं बोलल्याची तक्रार घरच्यांनी पोलिसांत दिली. ती तिरंगा छातीवर घेऊन टोकियोत होती. इकडं तिच्याच दारात तिला तिरंग्याबाहेर काढलं.

आणि फुटबॉलमधलंच हवं असेल तर जिक्सन सिंग. ९ ऑक्टोबर २०१७, दिल्ली, सतरा वर्षांखालील वर्ल्डकप. कोलंबियाविरुद्ध त्याचा हेडर, फिफाच्या कुठल्याही वर्ल्डकपमधला भारताचा पहिला गोल. त्याच संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. आपण किती मिरवलो होतो! तोच जिक्सन जुलै २०२३ मध्ये सॅफ स्पर्धा जिंकल्यावर मणिपूरच्या मैतेई समाजाचा सातरंगी झेंडा पाठीवर घेऊन उभा राहिला. मणिपूर तेव्हा जळत होतं. त्याच्यावर टीकेची झोड उठली. त्यानं सांगितलं, की कुणाचं मन दुखवायचं नव्हतं, माझ्या राज्यात काय चाललंय त्याकडं लक्ष वेधायचं होतं. तो झेंडा तिथं योग्य होता की नाही, यावर मतभेद असू शकतात. मणिपुरातल्या दुसऱ्या समाजाला तो बघून काय वाटलं असेल, हाही प्रश्न खराच. पण ज्या पोरानं भारतासाठी तो पहिला गोल मारला, त्याला 'हा आपला आहे का' असं विचारायला आपल्याला किती वेळ लागला?

माझं म्हणणं एवढंच आहे. झेंडा हातात घेतला की माणूस देशभक्त होत नाही आणि परका झेंडा घेतला की देशद्रोही होत नाही. खरं कळतं ते हरल्यानंतरच्या पाच मिनिटांत. राग कुणावर निघतो? अकरा जणांवर, की त्यातल्या त्या एकावर, ज्याचा रंग, धर्म, जात किंवा आडनाव आपल्यासारखं नाही? त्या एकावर निघत असेल, तर तो राग खेळाचा नव्हताच. तो आधीपासून आपल्या पोटात होता. पराभव हे नुसतं निमित्त.

आणि हा राग जिंकतानाही असतो, फक्त गोड होऊन येतो. 'आफ्रिकन म्हणजे ताकद, डोकं नाही.' 'जर्मन म्हणजे यंत्र.' 'ब्राझील म्हणजे नाच.' आपणच बोलतो हे, कौतुक म्हणून. नऊ नंबरचं आपण काय कौतुक करायचो? 'रेड्यासारखा घुसतो.' खरं तर त्याची पासिंग बघण्यासारखी होती. डोक्यानं खेळायचा तो. हे आपल्यातल्या एकानंही त्याला सांगितलं नाही. खांद्यावर घेतला तेव्हाही आपण त्याला माणूस म्हणून घेतलं नव्हतं, म्हणून तर आठ दिवसांत खाली टाकता आलं.

मंडळी, हे कोल्हापूर आहे. आपण जिथं खेळ बघतो त्या मैदानाला राजर्षी शाहूंचं नाव आहे. १९०२ साली ज्यानं मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात सगळ्या गावासमोर बसून ज्यानं चहा घेतला, तो हा राजा. कांबळेंच्या हातचा चहा घेणं म्हणजे त्या काळात काय होतं, ते आपण भाषणांत सांगतो, जयंतीला फ्लेक्स लावतो. आणि त्यांच्याच नावाच्या मैदानात बसून आपल्याच संघाच्या पोराला माकड म्हणतो. याची लाज मला वाटते. तुम्हाला वाटते का, ते तुमचं तुम्ही बघा.

आता करायचं काय? मी तीन गोष्टी मागतोय.

एक. ग्रुपवर असं काही आलं की अॅडमिननं ते काढावं आणि पाठवणाऱ्याला बाहेर काढावं. तो माझा पुतण्या असला तरी. आणि बाकीच्यांनी माझ्यासारखं फोन पालथा ठेवून झोपू नये. एक ओळ लिहावी, 'हे चालणार नाही'. एवढं केलं तरी पुरे.

दोन. असल्या प्रकारांसाठी फिफाचा तीन पायऱ्यांचा नियम आहे. आधी सामना थांबवून सूचना, मग संघांना मैदानाबाहेर नेणं, तरी थांबलं नाही तर सामना रद्द. तो आपल्या सामन्यांनाही लावा, अशी मागणी सगळ्या पेठांनी मिळून करावी. आणि पंचांची वाट कशाला बघायची? आपल्या गॅलरीतला आवाज आपल्याच माणसांनी बंद करावा. हलगी वाजवायला दहा जण पुढं येतात, मग यालाही येतील.

तीन. नऊ नंबरची माफी. पेठेची, लेखी, त्याच ग्रुपवर आणि त्याच्या फोनवर. मी माझी काल पाठवली. 'त्या रात्री मी बघितलं आणि गप्प बसलो, चूक माझी आहे,' एवढंच लिहिलं. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलेलं नाही. येईलच असंही नाही, आणि त्यानं द्यावं असा माझा हक्कही नाही.

घाना यंदाच्या वर्ल्डकपला आहे. काल कट्ट्यावर एक जण म्हणाला, मग त्यांचाही एक झेंडा लावूया चौकात, म्हणजे फिटलं. लावा, माझी आणखी पाचशे रुपये वर्गणी घ्या. पण फिटलं म्हणू नका. आधी माफी पाठवा, मग झेंडा लावा.

पुतण्या ही पोस्ट वाचणार आहे. त्याला ब्लॉक केलेलं नाही. नऊ नंबरचा नंबर त्याच्याकडंही आहे.

शिव्या द्यायच्या असतील तर खाली कमेंटमध्ये मला द्या. मी इथलाच आहे, उद्या गाड्यावर चहाला भेटू.